दांडीवरचा दगड

वाशीम जिल्ह्यात मी भांडायला गेलो होतो. देवदर्शन नव्हतं, सोयरीक नव्हती, आणि मार्च महिन्यात तिकडे हवापालटाला कोणी जात नाही. परत आल्यावर इथले लोक विचारतात, कसा आहे मुलूख? चांगला आहे, माणसं चांगली आहेत, एवढंच मी सांगतो. बाकीचं तोंडी सांगणं जमत नाही, म्हणून लिहितो आहे.

माझी शेड सांगलीजवळ आहे. हळद शिजवायचे बॉयलर आम्ही बनवतो. ज्यांनी हे यंत्र पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ट्रॅक्टरमागे ओढायच्या गाड्यावर मधोमध पाण्याची बंद टाकी, तिच्या पोटाखाली भट्टी आणि बाजूला चार मोठे डबे. टाकीत वाफ होते, नळीने डब्यात जाते आणि ओली हळद शिजते. चारही डबे एकदा भरले, शिजले, ओतले की एक घाणा झाला. बॉयलरची किंमत लोक घाण्यावर करतात. दिवसाला घाणे किती, एवढंच विचारतात.

शेड उभी करण्याआधी अठरा वर्षं मी दुसऱ्याच्या कारखान्यात वेल्डिंग केलं. तिथे एक डिग्रीवाला साहेब स्टॉपवॉच घेऊन माझ्या पाठीमागे उभा राहायचा. सांधा किती सेकंदात मारला, हात किती सेकंद रिकामा राहिला, सगळं वहीत उतरवायचा. जड जॉब फिरवायला मी एक लोखंडी चौकट बनवली आणि निम्मा वेळ वाचला. त्या चौकटीचं बक्षीस साहेबानं घेतलं, फोटोत तोच. त्याच आठवड्यात मी काम सोडलं. पण बाजारातून तसंच एक घड्याळ विकत घेतलं, आणि काम कुठे अडतं ते बघायची त्याची रीतही उचलली. त्यानं माझी चौकट घेतली, मी त्याची विद्या घेतली. तरी फिट्टंफाट झाली असं मला अजून वाटत नाही.

तर असा मी. आणि आसेगावच्या गुणवंतरावांनी हळदवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, 'सांगलीचा बॉयलर दिसाले मोठा, कामात ढिला. दिवसाचे वीस घाने बी होत नाई. कोनी घेऊ नका.' त्या जिल्ह्यात माझे सात बॉयलर आहेत. आठव्याची बोलणी दुसऱ्या दिवशी मोडली. मी फोन केला, फोनवर मी तापलो, ते तापले, आणि चौथ्या दिवशी मी गाडीत बसलो. राग होताच. त्याच्या खाली भीतीही होती, कारण माझ्यासारख्याकडे डिग्री नसते, नुसतं नाव असतं.

मंगरूळपीर

अकोल्याहून बस शेलूबाजारावरून मंगरूळपीरला येते. आमच्याकडे मार्चमध्ये रानं उसानं हिरवी असतात, पाटाचं पाणी वाहत असतं. इथे सोयाबीन कधीच निघून गेलेलं, काळी रानं भेगाळलेली, आणि कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या उन्हात करकरत उभ्या. विहिरीला पाणी असेल तिथेच हळदीचा पट्टा. मधूनच एखादा पळस असा फुललेला की डोळ्यांना चटका बसावा. एकूण सगळा मुलूखच वाळलेला, पेट घ्यायला तयार.

स्टँडवर एक म्हातारी संत्री घेऊन बसली होती. मी सवयीनं अर्ध्या भावात मागितली. तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"अर्ध्या भावात अर्धंच संत्र भेटन, काकाजी. सोलून देऊ का अर्धं?"

शेजारचे दोघं हसले. मी पूर्ण भाव दिला. संत्री गोड होती, त्याचा मला आणखी राग आला.

आसेगाव, पहिला दिवस

गुणवंतराव साठीचे, उंच, डोक्याला पांढरी टोपी. मी अंगणात पाऊल टाकताच बोलायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला. "आंधी जेवा. मंग भांडा. उपाशी मानसाचं भांडन आयकाले मले मजा येत नाई."

आमच्याकडे पाहुण्याला आधी चहा विचारतात. इथे थेट पाट मांडला. ज्वारीची भाकर, हिरव्या मिरचीचा ठेचा, कांदा, आणि आपण ज्याला पिठलं म्हणतो ते. त्याला तिथे नुसतं बेसन म्हणतात. ठेच्यानं माझ्या डोळ्यांतून धार लागली तेव्हा गुणवंतराव आत ओरडले, सांगलीवाले रडून राह्यले, ताक आना. भांडण असं निम्मं तिथेच विरघळलं. उरलेलं निम्मं घेऊन आम्ही शेतावर गेलो.

बॉयलर हळदीच्या रानाच्या खालच्या कडेला उभा होता. तो चालवणारा परसराम मानोऱ्याजवळच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा. पस्तिशीचा, कमी बोलणारा. हंगामात तो आपली बायको शेवंता आणि तांड्यावरची आणखी पाच माणसं घेऊन येतो, आणि घाण्यावर मजुरी घेतो. भट्टी आणि वाफ त्याच्याकडे. दोन गडी डबे भरायचे, ओतायचे. शेवंता आणि तीन बाया ओल्या हळदीची टोपली वाहायच्या.

मी बांधावरच्या कडुलिंबाखाली बसलो, घड्याळ काढलं, वही उघडली. कोणाशी बोललो नाही. तासाभरात मला जे हवं होतं ते मिळालं. डबा शिजायला सोळा मिनिटं लागत होती. माझ्या शेडमध्येही तेवढीच लागतात. पण ओतून पुन्हा भरायला चोवीस. ओल्या हळदीचा ढीग रानाच्या वरच्या कडेला, साठ पावलांवर, कारण ट्रॉलीला वाट तिकडून होती. बाया टोपलं भरून साठ पावलं उतरायच्या, साठ पावलं चढायच्या. शिवाय ही माणसं चारही डबे एकदमच भरत, एकदमच शिजवत, एकदमच ओतत. म्हणजे दर खेपेला चोवीस मिनिटं चारही डबे वाफेवाचून आणि खाली भट्टी धडधडत. बॉयलर ढिला नव्हता. बॉयलर वाट बघत बसला होता.

मी खूश झालो. गुणवंतरावांना बोलावून वही त्यांच्या नाकासमोर धरायची, अगदी शब्दसुद्धा ठरवले. आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की लिंबावरचा पक्षी मला ऐकू येतो आहे.

पक्षी ऐकू यायला नको होता. टाकीवर एक तोंड असतं, त्यावर झाकण, झाकणावर आडवी दांडी आणि दांडीच्या टोकाला नेमकं वजन. आतला दाब ठरल्यापेक्षा वाढला की वाफ ते झाकण उचलते आणि किंचाळत बाहेर पडते, तिलाच लोक शिट्टी म्हणतात. चारही डब्यांची वाफ बंद असताना, खाली पऱ्हाट्यांचा जाळ असताना, ती किंचाळलीच पाहिजे. आमच्या शेडमध्ये त्या वेळी शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. इथे पक्षी ऐकू येत होता.

मी उठलो. घड्याळ बंद करायचं राहिलं, ते खिशात तसंच चालत राहिलं.

टाकीच्या मागे जाऊन पाहिलं तर दांडीच्या टोकाला, माझ्या वजनाशेजारी, नारळाएवढा काळा दगड तारेनं आवळलेला. दगडाला हळदकुंकू, वर वाळलेलं झेंडूचं फूल. दाबाचा काटा तांबडी रेघ ओलांडून शेवटच्या खिळ्याला टेकून पडलेला. खिळ्याच्या पुढे तो जाऊ शकत नाही, त्यामुळे आत किती दाब आहे हे कोणालाच कळणार नव्हतं. पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी हंगामभराच्या धुरानं पिवळी झाली होती. आत पाणी आहे की नाही, तेही दिसेना.

माझ्या डाव्या हाताची कातडी कोपरापासून मनगटापर्यंत वेगळ्या रंगाची आहे. ते काम एका डब्याच्या झाकणानं केलं, धंद्याच्या पहिल्याच वर्षी. डब्यातला दाब टाकीतल्या दाबापुढे काहीच नसतो. टाकी फाटली तर काय होतं हे मी पाहिलेलं नाही. ज्यांनी जवळून पाहिलं ते सांगायला उरत नाहीत.

तेवढ्यात शेवंता आली आणि टाकीला पाणी भरायच्या हातपंपाकडे वळली.

"बाई, पंपाला हात लावू नका."

"काहून? पानी तं टाकाच लागते ना."

तिचं बरोबर होतं, आणि तेच घातक होतं. टाकी आतून कोरडी पडली असेल तर पत्रा लालभडक झालेला असतो. त्यावर गार पाणी पडलं की एका क्षणात वाफ होते, आणि तिला जायला वाट नव्हती. हे मी मोठ्यानं सांगितलं असतं तर सगळे पळाले असते, आणि परसरामनं घाबरलेला माणूस करतो तेच केलं असतं, भट्टीवर पाणी फेकलं असतं नाही तर तो दगड हिसकला असता. म्हणून आयुष्यभर जे केलं तेच मी केलं. सौदा केला.

"परसरामभाऊ," मी म्हटलं, "आजच्या उरलेल्या दिवसाचे घाणे झाले असं समजा. मजुरी माझ्याकडून. फक्त मी सांगतो तसं करायचं, आणि हळू करायचं."

"किती घान्याची?"

"तुम्ही म्हणाल तितक्यांची."

हे वाक्य मी जन्मात कोणाला बोललो नव्हतो. परसरामला काही वाटलं नाही, पण गुणवंतरावांचा चेहरा उतरला. बॉयलर घेताना फोनवर माझ्याशी त्यांनी तीन दिवस घासाघीस केलेली होती. "परसराम," ते हळूच म्हणाले, "हे म्हनते तसं कर, बाप्पा. कायतरी बिघडलं."

गडी आणि बाया यांना मी ढिगाकडे पाठवलं, तिथेच बसायला सांगितलं. लांब आकडीनं परसराम जळत्या पऱ्हाट्या भट्टीतून मागे ओढू लागला, मी त्या पायानं मातीत लोटत होतो. पाणी कुठेच घालायचं नाही. मग चारही डब्यांच्या वाफेच्या चाव्या मी एकेक करून, केसभर, उघडल्या. डब्यांची झाकणं उघडी होती, वाफ डब्यांतून आभाळात जाऊ लागली. चावी फिरवताना माझा चेहरा टाकीपासून हातभर अंतरावर होता. शेवंताला मी दोनदा जा म्हटलं, तिनं ऐकलं नाही. नवरा भट्टीपाशी होता, ती त्याच्या मागे तीन पावलांवर हातात रिकामं टोपलं घेऊन उभी राहिली.

काटा हलेना. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मी त्या काट्याकडे बघत होतो आणि मनात माझेच सांधे मोजत होतो, कुठला सांधा कोणी मारला, त्या दिवशी कोणाला घाई होती, कोणाचं घरी भांडण झालं होतं. मग काटा खिळ्यावरून सुटला. आधी थरथरला, मग मुंगीच्या चालीनं खाली यायला लागला. तांबड्या रेघेखाली उतरला तेव्हा मी तिथेच मातीत बसलो.

दगड काढायला परसराम तयार होईना. सोमवारच्या पूजेत त्याला हळदकुंकू लागलं होतं, आणि पूजेला बसलेला देव हंगामाच्या मधोमध उठवत नाहीत. गुणवंतरावही हात लावीनात. शेवटी टाकी निवल्यावर शेवंता पुढे आली. तिनं दगडाच्या पाया पडून तार सोडली, तो पदरात घेतला, बांधावर पळसाच्या बुंध्याशी ठेवला आणि वर तांब्याभर पाणी घातलं.

"खाली बसवला तरी देव देवच राह्यते," ती म्हणाली. "त्याले वर बसाची कायले हौस?"

मग मी विचारलं, दगड मुळात लावला कोणी? गुणवंतरावांनी खाली बघून सांगितलं की त्यांनीच. शिट्टी सारखी वाजायची, वाफ वाया जाताना दिसायची, ते त्यांना बघवेना. दगड लावल्यावर शिट्टी थांबली. शिट्टी थांबली म्हणजे दगड पावला, म्हणून पुढच्या पूजेत त्याचाही मान आला.

"आन् भेव कायचं?" ते म्हणाले. "तुमीच तं फोनवर सांगतलं, माहा बॉयलर दुप्पट दाब सोसते. मी थोच भरोसा धरला."

हो, मी सांगितलं होतं. प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. गिऱ्हाईक किमतीवर अडलं की दुप्पट म्हणतो, फारच अडलं तर तिप्पट. आम्ही टाकी पाण्यानं भरून तांबड्या रेघेच्या थोडं वर दाब देतो, सांधा गळत नाही ना बघतो, संपलं. दुप्पट दाबाला मी एकही टाकी कधी तपासलेली नाही.

तिथेच हे बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "सोसतो हो, तरी दगड नको."

आसेगाव, दुसरा दिवस

सकाळी टाकीच्या तळाची चावी उघडली. चार बोटं पाणी निघालं. चार बोटं. परसरामनं ते पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. टाकी गार पाण्यानं भरून हातपंपानं तांबड्या रेघेपर्यंत दाब दिला, सांधे एकेक करून बोटानं चाचपले, काचेची नळी चिंचेनं घासली. मगच भट्टी पेटवली.

ढीग हलवायचा म्हणजे ट्रॉलीसाठी खालच्या बांधातून वाट फोडायची. गुणवंतराव कुरकुरले, मी घड्याळ दाखवलं, ते राजी झाले. परसराम मात्र डबे एकामागून एक लावायला तयार होईना. चारही संगच लागतात, म्हणाला, पंगत एकदाच बसते, एकदाच उठते.

मी म्हटलं, ही पंगत नाही, खानावळ आहे. एक उठला की त्या जागी दुसरा बसतो, चूल थांबत नाही. एक डबा शिजत असताना दुसरा भरायचा, तिसरा ओतायचा. मग वाफेला सतत गिऱ्हाईक असतं आणि शिट्टी वाजायचं कारणच उरत नाही.

त्यावर तो पहिल्यांदा हसला. "मंग मालक, वाढप्याचं मरन."

शेवंताचा प्रश्न वेगळा होता. ढीग डब्याशेजारी आला तर टोपल्यांना दोन बाया पुरतील. "मंग बाकी दोघींचं काम गेलं का?" तिनं विचारलं. घड्याळ घेतलेला माणूस आला की काय होतं, हे ती न शिकता ओळखून होती. माझ्या पाठीमागे घड्याळ उभं होतं त्या वर्षी आमच्यातले चौघं घरी गेले होते, ते मला आठवलं. शिजलेली हळद पसरायला माणूस नव्हतं, तिचे ढीग वाफाळत एकावर एक पडून राहत आणि काळे पडत. दोघींना मी तिकडे लावायला सांगितलं, आणि त्यासाठी गुणवंतरावांशी इतकं भांडलो की शेवंता मध्ये पडून म्हणाली, राहू द्या भाऊ, तुमाले घाम आला.

दिवस मावळेपर्यंत अठ्ठावीस घाणे निघाले. आदल्या आठवड्यात जास्तीत जास्त एकोणीस निघाले होते. शिट्टी दिवसभरात दोनदा वाजली, तीही क्षणभर, आणि दोन्ही वेळा आम्ही सगळे ताडकन उठून उभे राहिलो. गुणवंतरावांनी माझ्यासमोर ग्रुपवर लिहिलं, 'सांगलीचा बॉयलर चांगला हाय. चूक आमची व्हती. ढीग जवळ ठेवा.'

ज्यासाठी गेलो होतो ते मिळालं. जेवायला वांग्याची भाजी आणि गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे होते, वरून तूप. मी दुसरा रोडगा फोडत होतो तेव्हा शेवंतानं सहज सांगितलं की तिच्या भावाकडच्या बॉयलरलाही दगड आहे. तोही माझाच बॉयलर, मानोऱ्याच्या वाटेवर. "आमचा पाहून लावला त्यानं. लय जन पाहून गेले." मी रोडगा ताटात ठेवला आणि परसरामला विचारलं, पहाटे निघता येईल का?

मानोऱ्याच्या वाटेवर

तिसऱ्या दिवशी पहाटे परसरामच्या मोटारसायकलवर मागे बसून निघालो. रस्त्याला चढउतार, कडेला मोहाची झाडं, खाली फुलं वेचणारी तांड्यावरची पोरंबाळं. मी एका हातानं त्याचा खांदा धरला होता आणि दुसऱ्यानं फोन. उरलेल्या पाच जणांना एकेक करून लावत होतो. एकानं सांगितलं, दगड होता, काढला. एकानं सांगितलं, विटा आहेत, काढतो. दोघांनी आधी कबूलच केलं नाही, मग म्हणाले, थोडासाच आहे. आणि प्रत्येकानं, अगदी प्रत्येकानं, शेवटी तेच विचारलं. पण दुप्पट सोसते ना? मी दर वेळी म्हटलं, दगड काढा, बाकी नंतर बोलू.

शेवंताच्या भावाकडे एक नाही, दोन दगड होते. त्यानं मोठ्या अभिमानानं दाखवले, परसरामपेक्षा एक जास्त. भट्टी पेटायची होती म्हणून मी हातानंच तार सोडली. परसराम त्याला त्यांच्या गोरमाटी बोलीत काहीतरी बराच वेळ समजावत होता. त्यात 'सांगली' शब्द तीनदा आला, आणि चार बोटं त्यानं तीनदा दाखवली. त्यांनी आम्हाला जेवू घातलं. काय जेवलो ते मला आठवत नाही.

तिथून निघाल्यावर पाचवा फोन धनजला लागला, कारंजा तालुक्यात. दौलतराव नावाचे म्हातारे शेतकरी, बॉयलर याच वर्षी घेतलेला. ते मजेत होते.

"आमच्याइथं दगड-फिगड काई नाई, साहेब. शिट्टीचा तं सवालच नाई. उद्या सकाळी मुहूर्त हाय, या."

फोन ठेवला आणि बरं वाटलं. मग अर्ध्या मैलावर परसरामला थांबायला सांगितलं. शिट्टीचा सवालच नाही म्हणजे काय? परत फोन लावला तर लागेना.

धनज

चौथ्या दिवशी मानोऱ्याहून पहिल्या बसनं कारंजा, तिथून जीपनं धनज. वाटेत रिकाम्या रानात काळविटांचा कळप दिसला, जीपमधले सगळे वाकून बघत होते. मी ड्रायव्हरला सारखा म्हणत होतो, चला. त्यानं सांगितलेलं भाडं मी काही न बोलता दिलं, तर तो संशयानं माझ्याकडे बघत राहिला.

पोचलो तेव्हा नऊ वाजत आले होते. बॉयलर विहिरीजवळ उभा, धुऊन पुसून, केळीचे खांब बांधलेले. भट्टीत पऱ्हाट्या रचून तयार. घरची माणसं जमलेली, दौलतराव धुतलेला सदरा घालून नारळ घेऊन उभे, आणि त्यांची सून हातात कापूर आणि आगपेटी घेऊन भट्टीच्या तोंडाशी बसलेली.

मी सरळ टाकीच्या मागे गेलो. दगड नव्हता. वजन नव्हतं. दांडीही नव्हती. ज्या तोंडातून वाफ निघते त्या तोंडावर बोटभर जाडीची गोल चकती बसवून चारही बाजूंनी सांधा मारला होता. सांधा सुरेख होता. एकसारख्या लाटा, कुठे भोक नाही, कुठे थेंब नाही. माझ्या शेडमध्ये असा सांधा मारणारे दोघंच आहेत. टाकी फाटली असती तरी ही चकती सुटली नसती.

"कारंज्याहून करून आनली," दौलतराव मागून म्हणाले. "आसेगाववाले म्हनत, शिट्टी लय वाफ वाया घालवते. म्हटलं कायले रोजचा तमाशा."

सुनेनं काडी ओढली. मी धावत जाऊन भट्टीच्या तोंडापुढे खाली बसलो, पाठ लोखंडाला लावून. ती दचकून मागे सरली, काडी तिच्या हातात जळत गेली.

"उठा साहेब," दौलतराव म्हणाले. "मुहूर्त चालला. काय मांगनं असन थे मंग मांगा."

त्यांना वाटलं मी सौद्याला बसलो. बरोबरच होतं त्यांचं. मी सांगितलं की ही चकती कापल्याशिवाय भट्टी पेटणार नाही. ते समजावणीच्या सुरात म्हणाले, इतका मजबूत बॉयलर आहे, दुप्पट दाब सोसतो, तुम्हीच तर सांगितलंत.

लोखंड पाठीला गार लागत होतं. समोर सून, तिची दोन मुलं, शेजारची माणसं, सगळी माझ्याकडे बघत होती.

"ते खोटं होतं," मी म्हटलं. "विकायला सांगितलं होतं. मी कधी तपासलं नाही."

दौलतरावांनी नारळ खाली ठेवला.

"मंग सोसते तरी किती?"

"माहीत नाही."

त्यांनी सुनेच्या हातातली आगपेटी घेतली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली. मला वाटलं आता शिव्या येतील, आणि त्या ऐकून घ्यायची माझी तयारी होती. त्यांनी दुसऱ्या खिशातून फोन काढला, हळदवाल्यांचा ग्रुप उघडला, बोलायचं बटण दाबून धरलं आणि फोन माझ्या तोंडासमोर केला.

"मले सांगतलं थे समद्याइले सांगा."

वीस वर्षांत जमवलेलं नाव माझ्या जिभेवर होतं. वाशीम जिल्ह्यात सकाळचे साडेनऊ वाजले होते, भट्ट्या पेटायची वेळ. मी बोललो. आवाज माझा वाटत नव्हता.

"मी सांगलीचा बॉयलरवाला, धनजहून बोलतोय. माझा बॉयलर दुप्पट दाब सोसत नाही. किती सोसतो ते मला माहीत नाही. ज्यानं ज्यानं शिट्टी बंद केली असेल त्यानं आत्ताच आग काढा. पाणी घालू नका. आग बाहेर ओढा."